खुणेचा पाना

आमच्या दुकानात नवीन पाना विकला की तो तसाच गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा नाही, ही माझ्या सासऱ्यांची रीत. गल्ल्याशेजारच्या जाड टेबलावर व्हाइस ठोकलेला आहे. त्यात पाना आवळायचा, कानशीने दांड्यावर त्या माणसाची खूण पाडायची, तेलाची चिंधी फिरवायची आणि मग द्यायचा. थळच्या किनाऱ्यावर बोटींची मशीनं खोलतात तेव्हा दोन-तीन मिस्त्र्यांची हत्यारं एकाच ताडपत्रीवर पसरलेली असतात. संध्याकाळी खूण बघायची आणि आपलं ते उचलायचं. भांडण नाही, संशय नाही. कोळी आपल्या जाळ्याच्या बोयांवर खूण घालतात, तसंच हे. पाना पाण्यात पडला आणि ओहोटीला भलत्याच कुणाला सापडला, तरी खुणेवरून बरोबर घरी येतो. खलीलभाईची खूण म्हणजे दोन उभ्या रेघा आणि त्यांना कापणारी एक तिरकी.

सासरे गेले. आमच्या ह्यांना कारखान्यातली नोकरी सोडवेना, म्हणून थळ फाट्यावरचं हे दुकान माझ्या गळ्यात पडलं. बाई काय हार्डवेअर चालवणार म्हणून गावाने नाकं मुरडली. मी मुकाट्याने कानस शिकले. पुढे त्याच नाकांनी 'सुचितावहिनी, आमची खूण जरा ठळक पाडा' म्हणून माझ्या पायरीवर उभं राहायला सुरुवात केली.

आम्ही एकाच कंपनीची हत्यारं विकत आलो. तिचं नाव मी घेणार नाही. आमच्याकडे सगळे तिला निळी कंपनीच म्हणतात, कारण डबा निळा. डब्यावर ठसठशीत छापलेलं असतं, 'आयुष्यभराची हमी'. आणि खोटं कशाला बोलू, एके काळी ती हमी खरी होती. कंपनीचा माणूस अल्पेश मोटारसायकलला गोणपाट बांधून यायचा. एखादा पाना तुटलेला असलाच तर तो गोणपाटात टाकायचा आणि नवा फळीवर ठेवायचा. बिल नाही, प्रश्न नाही. उलट खुणेवर बोट फिरवून हसायचा आणि म्हणायचा, "भाभी, आ कोनो छे?" मी नाव सांगायची. दोन घटका बसून, चहा पिऊन जायचा.

मग कंपनी विकली गेली. कुणी घेतली, का घेतली, ते आम्हाला कोण सांगणार? डबा निळाच राहिला. आतला माल मात्र आरशासारखा चकचकीत झाला, आणि तितकाच कच्चा. पाना बोल्टवरून सटकायला लागला, पकडीचे दात झिजायला लागले, पान्याच्या टोकाच्या गोल रिंगला केसासारख्या चिरा दिसायला लागल्या. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. दुसऱ्या कंपन्यांचा माल मागवून पाहिला, तर तो त्याहून रद्दी. शेवटी उडदामाजी काळे-गोरे काय निवडायचं, म्हणून निळेच डबे फळीवर राहिले.

त्या वर्षी मासेमारी बंद असताना खलीलभाई सदू नाखव्याच्या बोटीचं मशीन खोलून पुन्हा भरत होता. खलीलभाई आमच्याच गावातला. इंजिनाच्या कामात त्याचं नाव रेवसपर्यंत होतं. बोटींचे मालक मुलीच्या लग्नाची तारीखसुद्धा त्याला विचारून काढायचे, कारण मशीन कधी चालू होणार आणि पैसा कधी येणार हे त्याच्या हातात असायचं. सदूच्या मशीनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, आवळताना खलीलभाईच्या हातातला नवा रिंग पाना फुटला. हात जोरात पुढे गेला आणि दोन बोटं मोडली. त्याच हिसक्यात हेड धरून ठेवणारा स्टड आतल्या आत तुटला. हेड मुंबईला न्यावं लागलं. नारळी पौर्णिमेला सगळ्यांच्या बोटी दर्यात गेल्या आणि सदूची किनाऱ्यावर आडवी पडून राहिली. हंगामाचा पहिला म्हावरा शेजारच्यांच्या टोपल्यांत गेला. ज्याची जळते त्यालाच कळते, सदूचं डोकं फिरलं हे मी समजू शकते. पण तो जे बोलला ते समजून घ्यायला मी तयार नव्हते.

तो माझ्याच दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर बोलला. "खलीलनं पाइप घातला. पान्याला पाइप लावून ताणलान, म्हनून तुटला. आता त्याच्या हातात जोर न्हाय ऱ्हायला, मंग पाइप घालतो."

पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप सरकवला की हात लांब होतो आणि कमी ताकदीत जास्त जोर येतो. पण हेड नेमकं आवळावं लागतं, तिथे पाइप घालणं म्हणजे मिस्त्र्याने मिस्त्री म्हणवून घेण्याची लायकी घालवणं. शिवी परवडली. खलीलभाई तेव्हा तिथेच बाकावर बसला होता, हाताला पट्टी गुंडाळलेली. फुटका पाना त्यानेच आणून माझ्यासमोर ठेवला होता.

"पाइप नाय घातला मी, सदू," तो शांतपणे म्हणाला. "खुदा गवाह हाय."

"खुदाला कशाला तरास? पाना तुटला व्हय का न्हाय?"

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "पाना वाईट होता म्हणून तुटला. कंपनीची आयुष्यभराची हमी आहे. कंपनी बदलून देणार. आणि बदलून दिला म्हणजे पाना वाईट होता हे कंपनीनंच कबूल केलं. मग तोंड कुठं लपवशील, नाखवा?"

सदू म्हणाला, "बरा. कंपनी काय लिवून देते ते आन. पाना वाईट म्हनली तर मी समद्यांसमोर त्याचे पाय धरीन."

खलीलभाईने पट्टीतला हात मांडीवर ठेवला. "आणि कंपनी जो फैसला देईल तो मला कबूल. जबान देतो." मला तिथेच त्याच्या तोंडावर हात ठेवावासा वाटला. पण दिलेला शब्द गिळता येत नाही, निदान त्या माणसाला तरी येत नाही.

मी कामाला लागले. डब्यावरच्या नंबरला फोन लावला. हिंदीसाठी हे दाबा, इंग्रजीसाठी ते दाबा. मराठीसाठी काही दाबायची सोयच नाही. एक मुलगी गोड आवाजात माझी अडचण ऐकून घ्यायची, 'आपका दिन शुभ हो' म्हणायची आणि फोन कापायची. दुसऱ्या दिवशी दुसरी मुलगी, पुन्हा पहिल्यापासून. शेवटी शेवटी तर भीक नको पण कुत्रा आवर अशी माझी गत झाली. अल्पेशला फोन केला तर तो कुजबुजल्यासारखा बोलायला लागला, "भाभी, हवे तो बधुं ऑनलाइन, आता सगळं ऑनलाइनच. माझ्या हातात काय राहिलं नाही. मला पण टारगेट आहे. तुम्ही स्वतः सेंटरला जा ना."

"तू माल घेऊन येतोस तेव्हा तुझ्या हातात असतं, आणि परत न्यायचं म्हटलं की राहत नाही?"

"भाभी, तुम्ही रागवू नका," म्हणाला. एवढंच त्याला येतं.

म्हणून मी आणि खलीलभाई एसटीने तुर्भ्याला गेलो. तिथे एका गाळ्यात कंपनीचं सर्व्हिस सेंटर. काचेचा दरवाजा, आत गारेगार, भिंतीवर हसणाऱ्या कामगाराचं पोस्टर. त्याच्या हातात पाना आणि दातांत एवढी चमक की जन्मात त्याने ग्रीस पाहिलं नसावं. काउंटरवरच्या पोराने आमचा फुटका पाना घेतला. रिंग जिथे फुटली होती तिकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. दांडा फिरवला आणि खुणेवर नख ठेवलं.

"मॅडम, हे बघा ना. इथे घासलंय. सरफेसला छेडलंय. हमी खतम झाली ना मग."

"ती खूण आहे," मी म्हटलं. "तुटलाय कुठं ते बघा. खूण दांड्याच्या मध्यावर आणि फूट पार टोकाला. चिरेच्या आत गंज दिसतोय, म्हणजे ती चीर कारखान्यातूनच आलीय."

"ते मला नाही बघायचं, मॅडम. सिस्टममध्ये पहिलाच सवाल हाच आहे, हत्यारात फेरफार केलाय का. हो टाकलं की पुढचं ओपनच नाही होत."

"मग नाही टाक."

तो माझ्याकडे असा बघायला लागला जसं काही मी त्याला बँक लुटायला सांगितली. मी आवाज चढवला. म्हटलं, "ही खूण ह्यांनी नाही केली, मी केलीय. माझ्या दुकानात, माझ्या हाताने. आमच्याकडे सगळ्यांच्या पान्यांवर असते. तुमचाच माणूस वर्षानुवर्षं खुणा बघून पाने बदलून देत होता."

"म्हणजे डीलरनेच केलं?" त्याने डोळे मोठे केले. "मॅडम, हे मला बोलू नका. हे लिहिलं तर तुमची डीलरशिपच जाईल. मी कस्टमरच्याच नावावर टाकतो. तुमच्या भल्यासाठीच बोलतोय."

"माझं भलं तू करू नकोस. खरं काय ते लिही."

"ऑप्शनच नाही तसा," तो म्हणाला आणि कागद छापून दिला. 'वापरकर्त्याने हत्यारात फेरफार केल्यामुळे तुटले. दावा अमान्य.' खाली कंपनीचा निळा शिक्का. चोराच्या उलट्या बोंबा, आणि त्याही शिक्क्यानिशी.

येताना एसटीत मी खलीलभाईला म्हटलं, "फाडून टाकूया. सांगू, अजून उत्तर आलं नाही."

तो खिडकीबाहेर बघत होता. "वहिनी, जबान दिलीय मी."

"अहो पण कागद खोटा आहे!"

"कागद खोटा हाय, जबान खरी हाय ना."

मी पेणपर्यंत त्याच्याशी बोलले नाही. एवढा राग मला कंपनीचासुद्धा आला नव्हता. माणसाने इमान राखावं, पण समोरचा बेइमान असताना आपणच आपली मान सुरीखाली द्यायची, हे कुठलं शहाणपण? त्याला माझं म्हणणं पटलं नाही आणि मला त्याचं आजही पटलेलं नाही.

त्याने कागद स्वतःच्या हाताने सदूला नेऊन दिला. सदूने तो वाचून घेतला, चार जणांना वाचायला दिला आणि तो चावडीवर लावल्यासारखा गावभर झाला. मी सदूच्या दारात जाऊन सांगितलं की खूण मी पाडली होती, खलीलभाईने नाही, आणि पाइपबद्दल त्या कागदात एक अक्षर नाही. सदूने माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग एवढी मोठी कंपनी खोटं लिवते काय, वहिनी?" त्याच्या ओसरीवर बसलेले सगळे माझ्याकडे बघत होते. मोठं असलं म्हणजे खरं असतं, ही समजूत आपल्या लोकांच्या डोक्यातून कधी जाणार आहे कोण जाणे.

बोटं पुढे जुळून आली, थोडी वाकडी राहिली, पण पकड होती. काम मात्र आलं नाही. कुणी तोंडावर काही बोललं नाही. 'बघू, कळवतो' म्हणायचे आणि आक्षीच्या शुभमला बोलवायचे. शुभम तिशीतला, शिकलेला, हाताने चांगला, त्याचा काही दोष नाही. पण ज्या बोटींची मशीनं खलीलभाई आपल्या पोरांसारखी सांभाळायचा, त्या बोटींवर तो नुसता चढला तरी लोक त्याच्या हाताकडे बघायला लागले. दिवाळीच्या सुमारास मला कळलं की त्याने किहीमला एका मुंबईवाल्याच्या बंगल्यावर राखणदाराची नोकरी धरली. गेट उघडायचं, पाण्याची मोटर लावायची, शनिवारी मालक आले की गाडीतून सामान काढायचं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मला रडू आलं, आणि रडण्याचाही राग आला.

त्याच दिवशी मी व्हाइसवर पोतं टाकलं. खुणा बंद. ज्याला त्याला सांगायला लागले, "डबा जपा, बिल जपा, स्टिकर काढू नका, कानस लावू नका. कंपनीला कोरं हत्यार हवंय, कोरंच ठेवा." लोक हिरमुसायचे. शुभम चोवीस नंबरचा रिंग पाना घ्यायला आला तेव्हा म्हणाला, "काकी, माझी खूण तरी घाला. मासळीचं शेपूट हाय माझं."

"शेपूट-बिपूट काही नाही," मी म्हटलं. "कोरा ने. तुटला तर डब्यासकट माझ्याकडं आण. लगेच आण, दुसरीकडं देऊ नकोस."

तो हसला. "तुटायच्या आधीच तुटल्याचं बोलताय."

मी हसले नाही. मला तो तुटायलाच हवा होता. त्याच कंपनीचा, त्याच मापाचा, बिनखुणेचा पाना त्याच जागी फुटावा आणि कंपनीला तो गुपचूप बदलून द्यावा लागावा, एवढंच मी देवाकडे मागत होते. देवासमोर दिवा लावताना मागत होते. मग बघते सदू काय म्हणतो, असं स्वतःशी म्हणायची आणि त्या विचाराने मला बरं वाटायचं.

आणि फुटला. होळीच्या आधी, एका सकाळी मी दुकानाचं दार उघडत होते तोच शुभमची बायको नूतन आली. तिच्या एका हातात कपड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात निळा डबा. मांडव्याला जाणारी मिनीडोर रिक्षा तिने रस्त्यावर थांबवून ठेवली होती. पायरी न चढताच तिने डबा पुढे केला.

"काकी, हा तुटला. बदलून मिळंल ना? हे बोलले, खूण न्हाय, डबा हाय, मिळंल."

मी डबा उघडला. रिंग फुटली होती, थेट खलीलभाईच्या पान्यासारखी, त्याच जागी. एक टवका तर जागेवर नव्हताच. मी डबा छातीशी धरला. आनंदाने, दुसरं काय!

"मिळेल म्हणजे? घेतल्याशिवाय सोडते काय!"

"मंग ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. मना मुंबईची लाँच गाठायचीय," ती म्हणाली. तिचा चेहरा ओढलेला होता. घरात काही वाजलं असेल आणि मुंबईला बहिणीकडे निघाली असेल, असं मी मनाशी म्हटलं. मिनीडोरवाल्याने हॉर्न वाजवला आणि ती गेली.

मी फोटो काढले. पान्याचा, डब्याचा, स्टिकरचा, बिलाचा. सगळे कंपनीच्या ॲपवर चढवले. फेरफार केलाय का? नाही. पुढचं पान लगेच उघडलं. शेजारच्या टपरीवरून मागवलेला चहा निवायच्या आत उत्तर आलं. 'उत्पादनातील दोष मान्य. ग्राहकास विक्रेत्याकडील साठ्यातून नवीन नग द्यावा.' मी ते मोठ्याने वाचलं. दुकानात कुणी नव्हतं तरी पुन्हा वाचलं.

फळीवरून नवा पाना काढला, फुटका घेतला, दुकान शेजाऱ्यावर टाकलं आणि तशीच किनाऱ्यावर गेले. सदू जाळं शिवत बसला होता. मी फोन त्याच्या नाकासमोर धरला. त्याला वाचायला वेळ लागला. मग त्याने फुटका पाना हातात घेतला, फिरवला आणि दोऱ्याची सुई जाळ्यात खोवून ठेवली.

"त्याच जागी तुटलाय," तो म्हणाला.

"त्याच जागी. आणि दोष मान्य म्हणून लिहून दिलंय. ह्या वेळेला काय पाइप घातला होता?"

सदूने पाना परत माझ्या हातात दिला आणि मान खाली घातली. त्याला तसं बघून मला किती गोड वाटलं ते सांगून सोय नाही. मग तो म्हणाला, "खलीलचा माझ्यावर राग असंल."

"नसेल तर मला नवल वाटेल."

"जा, सांग त्याला. म्हनावं, मशीन तुझंच हाय. पावसाळ्यात हेड खोलायचाय, दुसऱ्या कुनाचा हात लागनार न्हाय. बोललो तसा समद्यांसमोर पाय धरीन म्हनावं." त्याने डोळे पुसले की घाम पुसला, मी बघितलं नाही.

मिनीडोरने मी किहीमला उतरले. नारळी-पोफळीच्या वाडीत लाल कौलांचा बंगला, त्याला लोखंडी गेट, आणि गेटाच्या आत प्लास्टिकच्या खुर्चीत खलीलभाई. खाकी शर्ट घातला होता. इतकी वर्षं ग्रीसने काळे असलेले त्याचे हात स्वच्छ धुतलेले होते. ते स्वच्छ हात बघवेनात.

मी गेटातूनच सुरू केलं. फुटका पाना, ॲपवरचं उत्तर, सदू काय म्हणाला, सगळं एका दमात. "सुटलात तुम्ही, खलीलभाई! कंपनीनं स्वतः कबूल केलं. पाना वाईट होता. तुमचाही वाईटच होता. उद्याच्या उद्या ह्या खुर्चीवर थुंका आणि गावात चला."

त्याने गेट उघडलं, मला खुर्चीवर बसवलं आणि फुटका पाना घेतला. वाकड्या बोटाने रिंगची फुटलेली कड चाचपली. टवका उडालेल्या जागी त्याचं बोट थांबलं.

"हा कुणाचा, वहिनी?"

"शुभमचा. आक्षीच्या."

"त्यानं आणून दिला?"

"त्याच्या बायकोनं. नूतननं. सकाळी घाईत देऊन गेली."

"शुभम का नाय आला?"

मी बरोबर आणलेला नवा पाना पुढे केला.

"एवढा तुकडा उडाला," तो म्हणाला. "कुठं गेला? त्याला कुठं लागला, वहिनी?"

"मी... विचारलं नाही."

त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर मी झेलला असता. त्याने नुसतं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "फोन लावा."

फोनमधल्या बिलाच्या फोटोवर शुभमचा नंबर होता. मी स्पीकर चालू केला. नूतननेच उचलला. मागे हॉस्पिटलचा गलका होता, कुणीतरी कुणाचं तरी नाव पुकारत होतं.

"नूतन, मी काकी. शुभम कसा आहे?"

"डोळ्यात गेला काकी तुकडा," ती म्हणाली. "काल दुपारी. रातच्याला भावोजींनी हिकडं आनला. डाक्टर बोलतायत, उजवा डोळा न्हाय ऱ्हानार. आता आपरेशनला आत नेलाय." मग एकदम आठवल्यासारखं तिने विचारलं, "पाना बदलून मिळाला काय?"

खलीलभाई गेटाला कडी लावत होता. मालकाला न विचारता तो मुंबईची लाँच गाठायला मांडव्याला निघाला होता.

"मिळाला," मी म्हटलं.

"नीट ठेवा हां काकी," ती म्हणाली. "बरे झाले की त्यांना लागंल."